हातचा

हॅम्बुर्गच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर,
दोरीच्या अलीकडे मी उभी आहे, एकाहत्तर वर्षांची,
पायात नातसुनेचे बूट, जरा घट्टच.
भिंतीवर माझ्या भावाची ‘ओहोटी’.

एक तरुण गृहस्थ शाळेच्या मुलांना समजावतोय :
हे हिरवं आकाश म्हणजे युरोपचं भय,
हा चिखल म्हणजे येऊ घातलेलं युद्ध,
आणि या मुलाचा उजवा हात बघा,
लांबतो, लांबतो, चौकटीबाहेर जातो,
पंजा काढलेलाच नाही.
विसाव्या शतकातला तुटलेला माणूस, म्हणतो.
मुलं वहीत उतरवून घेतात.

आकाश खरंच तसं होतं, बाळा.
हुसुमच्या उत्तरेला धुकं यायच्या आधी ते तसंच व्हायचं,
कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं, कळकलेलं.

मोम्मे दहाचा, टाडे सातचा.
ओहोटीला समुद्र दोन कोस आत जायचा
आणि पोरं त्याच्या मागे, चिखलात शिंपल्या वेचत.
टाडेला गणित मी शिकवायचे.
बेरीज यायची, हातचा विसरायचा.
आठ आणि सात? पाच, म्हणायचा खुशाल.
आणि हातचा? की जीभ चावून
उजवी मूठ उघडून बघायचा,
जणू तिथेच ठेवला होता मघाशी.

मोम्मे एकटा परत आला,
कमरेपर्यंत भिजलेला, उजवी मूठ आवळलेली.
रात्रभर ती उघडेना.
आईनं गरम पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं.
आत काही नव्हतं.
हात सुटला, एवढंच बोलला.
पुढे अठरा वर्षं त्यावर शब्द नाही.

मग हे चित्र. गोठ्यालगतच्या खोलीत, एका हिवाळ्यात.
मी जेवण घेऊन जायचे तेव्हा बघायचे :
आज पंजा आहे, उद्या नाही.
मासे साफ करायच्या सुरीनं खरवडून काढायचा
आणि पुन्हा रंगवायचा.
एकदा तर नखांतल्या चिखलासकट इतका हुबेहूब
की माझ्या हातातलं ताट कलंडलं.
सकाळी तोही गेलेला. जमिनीवर रंगाची सालपटं.
मी झाडून घेतली. टाकवली नाहीत.

आता किरण घालून तपासलंय म्हणे,
रंगाखाली अकरा पंजे सापडले.
मी एकोणीस मोजले होते.

हातचं राखून त्यानं कधी रंगवलं नाही, लोक म्हणतात.
हेच तर राखलं.

आणि वर डावीकडे, बांधावर,
मसुराच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका.
मावळता सूर्य, गृहस्थ सांगतो.
सूर्य आमच्याकडे समुद्रात मावळतो,
बांधावर नाही.

धुकं दिसलं की बांधावरून शिंग फुंकायचं,
ते काम माझं होतं.
त्या दुपारी फेरीवाला आला, फिती, रुमाल घेऊन.
मी लाल रुमाल डोक्याला बांधून
त्याच्या आरशात बघत होते.
डावीकडून. मग उजवीकडून.
शिंग पायाशी.

रुमाल त्याच रात्री चुलीत घातला.
नवऱ्याला सांगितलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही.
वाटायचं, एवढ्या धुक्यात कुणाला काय दिसणार.

दिसलं होतं त्याला.
अठरा वर्षं माझ्या हातचं जेवला,
मीठ कमी आहे म्हणाला, दार लाव म्हणाला,
आणि मग मला एवढीशी काढली.
लांब होते म्हणून एवढीशी,
की एवढ्यावरच सोडलं मला?
विचारायला मोम्मे नाही.

मुलं पुढच्या दालनात गेली.
बंद व्हायची घंटा झाली, अगदी वेळेवर.
बूट चावतायत.
आठ आणि सात पाच, टाडे.
हातचा माझ्याकडे.